बाजारात बोलणारं माणूस

जोतीरामतात्यांचा घसा सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात बसला तो पुन्हा सुटलाच नाही. बारामतीतल्या बापूसाहेबांच्या दुकानाचा माल घेऊन ते गेली कित्येक वर्षं गावोगावचे बाजार करत होते. सुरुवातीला कंदील विकले, मग गॅसबत्त्या, आणि आता मुंबईच्या एका कंपनीचे वातीचे स्टोव्ह. माल कुठलाही असो, बाजारात उभं राहायचं म्हणजे ओरडायचं. एका अंगाला सुक्या बोंबलाची पाटी, दुसऱ्या अंगाला बांगड्यावाला, मागं शेळ्यांचा गलका, आणि या सगळ्यावर आपला आवाज चढवायचा. डॉक्टरांनी घशात बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं आणि सांगितलं, "तात्या, आता हळू बोलायचं. नाहीतर आहे तोही आवाज जाईल."

वाईट वाटायला हवं होतं, पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तात्यांना नुसता शीण आला. कोपऱ्यावरच्या पारावर टेकावं आणि उठूच नये असं वाटलं.

बापूसाहेबांनी मात्र लगेच मार्ग काढला. कंपनीचे पाठारे साहेब मागेच म्हणाले होते, की प्रचाराला एखादा मदतनीस ठेवा, निम्मा पगार कंपनी देईल. दुकानाच्या दारावर पाटी लागली, एसटी स्टँडवरच्या चहावाल्याकडे निरोप ठेवला, आणि माणूस निवडायचं काम तात्यांच्याच गळ्यात पडलं.

"बोलणारा बघा," बापूसाहेब म्हणाले. "दिसायला नीटनेटका. सायकल येत असली तर उत्तम."

माणसं आली. दुकानामागच्या पडवीत घोंगडीवर बसून तात्या एकेकाला बोलावत होते. समोर स्टोव्ह ठेवलेला. आलेल्याला ते म्हणायचे, "मी घरची बाई हाय असं समजा. दारात उभी हाय. मला ही वस्तू विका."

वडगाव निंबाळकरचा रावजी मॅट्रिक झालेला होता. त्यानं शाळेत कविता म्हणावी तसे स्टोव्हचे गुण एका दमात म्हणून दाखवले आणि विचारलं, "पण मला दुकानातच बसायला मिळंल ना? बाजारात आमच्या पावण्यारावळ्यांनी बघितलं तर बरं दिसायचं न्हाय." सिद्धू नावाच्या दुसऱ्याचा आवाज खणखणीत होता. पण बाईशी बोलायचं म्हटल्यावर तो लाजून असा काही हसत सुटला, की शेवटी तात्यांनाच त्याला पाणी द्यावं लागलं. बापूसाहेबांच्या साडूचा मुलगा स्वतः आलाच नाही, नुसता निरोप आला, की कधीपासून कामावर येऊ? दुपार कलली तोवर तात्यांची पाठ धरली होती. आता पुढचा जो येईल त्याला घेऊन टाकावं, असं त्यांच्या मनात आलं.

पुढं आली ती बाई होती.

डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. उंबऱ्याबाहेरच उभी राहून तिनं विचारलं, "बाईमाणूस चालतं का ह्या कामाला?"

"या, बसा. गाव कंचं?"

"बावडा. भावाकडं असते. बनाबाई म्हनतात. लग्नाकार्यात सैपाक करते."

बसताना तिनं पदर मागं घेतला, आणि तात्यांची नजर क्षणभर खाली गेली. डावी बाजू कानापासून गळ्यापर्यंत भाजलेली होती. कातडी आवळून चकाकत होती, डोळ्याची कड ओढली गेली होती. बाईनं त्यांना खाली बघू दिलं, पुन्हा वर बघू दिलं, मगच बोलली.

"मागं बसवनार का पुढं?"

"म्हंजी?"

"लग्नात मला मागं ठेवत्यात. धुरात. शंभर मानसाचा सैपाक करते, पन पंगतीत वाढायला पुढं येऊ देत न्हाईत. शुभकार्यात असलं तोंड नगं म्हनत्यात. हितंबी मागंच बसायचं असलं तर तितंच बरं हाय माझं."

तात्यांनी स्टोव्हकडे बोट केलं. "मला ही वस्तू विका."

बनाबाईनं काही म्हणून दाखवलं नाही. तिनं वात वर केली, पेटवली, ज्योत निळी होईपर्यंत खाली आणली. "पीठ हाय का घरात?" दुकानामागेच बापूसाहेबांचं घर होतं. तिथून पीठ आलं, तवा आला. तिनं भाकरी थापली. तव्यावरची भाकरी टम्म फुगली तशी ती म्हणाली, "बायका पयलं हेच इचारतील, चुलीसारखी फुगती का म्हनून. दुसरं इचारतील, रॉकेलचा वास लागतो का. खाऊन बघा."

तात्यांनी घास खाल्ला. वास नव्हता. त्यांना मनापासून बरं वाटलं, कारण निवडायचं काम एकदाचं संपलं होतं.

बापूसाहेबांना पटवणं सोपं गेलं नाही. ते वाईट माणूस नव्हते, पण दुकानदार होते. "अहो, स्टोव्ह विकायचाय, आणि भाजलेली बाई उभी करता? बायकांना वाटेल हिला स्टोव्हनंच भाजलं."

"एक बाजार बघू," तात्या कुजबुजल्यासारखं म्हणाले. वाद घालायला ना आवाज होता, ना ताकद. "न्हाय जमलं तर साडूचं पोर घ्या."

पहिला बाजार निमगाव केतकीचा. तात्यांनी पाल ठोकलं, बनाबाईनं स्टोव्ह मांडला आणि पदर मागं टाकून बसली. सकाळभर बायका लांबूनच बघत होत्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, दोघी पुढं गेल्या, पुन्हा वळून बघितलं. मग डोक्यावर वांग्यांची पाटी घेतलेली एक म्हातारी सरळ समोर येऊन उभी राहिली.

"ह्यानंच भाजली व्हय ग तू?"

"न्हाय, आजी. चुलीवर भाजले."

"अगं आई! आन तरी इस्तवापाशी बसतीस?"

"सैपाक कुनाला सुटलाय? बसा, च्या घ्या."

म्हातारी बसली. तिच्यामागं आणखी दोघी बसल्या. ज्या बाईच्या तोंडाकडे बघायची चोरी होती तिच्याशी उघड बोलता येतंय म्हटल्यावर बायकांचं कोंडाळंच झालं. कधी झालं, पदर पेटला का, किती दिवस अंथरुणाला होतीस, नवरा काय म्हणाला? नवऱ्यानं दुसरी केली, हे तिनं भाव सांगावा तसं सांगितलं. मग प्रत्येकीला आपापली चूल आठवली. कुणाच्या नणंदेचा हात, कुणाच्या जावेचं लुगडं. मधेच बनाबाई भाकरी उलटायची, वात कशी कापायची ते दाखवायची. दुपारपर्यंत नेलेला माल संपला.

पावसाळाभर असंच चाललं. निमगाव, बावडा, इंदापूर, पुन्हा बारामती. तात्या फक्त पाल ठोकायचे, माल बांधून द्यायचे आणि सावलीत बसायचे. बापूसाहेब खूश होते. साडूच्या मुलाचं नाव कुणी काढेना. "स्टोव्हवाली बाई" म्हणून बनाबाईला लांबलांबचे लोक ओळखायला लागले.

पण सावलीत बसून तात्यांना एक गोष्ट दिसायला लागली. बाजार उठला की बनाबाई सामान बांधायच्या आधी थोडा वेळ नुसती बसून राहायची. हात मांडीवर, नजर कुठंच नाही. तात्यांना ते बसणं ओळखीचं होतं. बाजारभर ओरडून घसा सोलला की तेही असेच बसत. फरक एवढाच, की त्यांनी कंदिलाचे गुण ओरडून सांगितले होते. ही स्वतःचंच सांगत होती, दर बाजाराला, पहिल्यापासून.

दिवाळीच्या सुमाराला एकदा इंदापूरच्या बाजारात एका तरण्या पोरीनं कडेवरच्या लेकराला खेळवत सहज विचारलं, "तुमास्नी लेकरं किती, मावशी?" बनाबाई म्हणाली, "न्हाईत." आणि त्यानंतर तिनं दिवसभर भाजल्याचं काही सांगितलं नाही. नुसत्या भाकऱ्या केल्या. माल कमी गेला.

परतीची गाडी उशिरा होती. स्टँडवर ट्रंकेला टेकून दोघं बसली असताना ती आपणहून बोलली.

"तात्या, एक पोर हुती मला. चालाय लागलेली. पावसाळ्याचे दिस, तुराट्या वल्ल्या. चूल धरंना. सासू वराडत हुती, गडी शेतावनं येतील म्हनून. म्या बाटलीतलं रॉकेल वतलं चुलीत. खाली इंगळ हुता, मला वाटलं इजलाय. भडका झाला. पोर मांडीला धरून हुभी हुती."

तात्यांनी टोपी काढून हातात धरली.

"मी वाचले," ती म्हणाली. "बायका इचारत्यात, मी सांगते. माज्या तोंडावर हाय ते दिसतंच हाय, त्याचं काय लपवायचं? पन हे कुनाला सांगत न्हाय. तुमाला सांगितलं, बास."

गाडी आली. दोघं चढली.

आठवड्यानं बापूसाहेबांनी तात्यांना पेढीवर बोलावलं. इंदापूरला माल कमी का गेला, म्हणून त्यांची चौकशी होती. "बाई हल्ली तोंड मिटून बसते म्हणे. असं कसं चालेल? लोक तिची हकिगत ऐकायला येतात. ती सांगायची नाही तर तिला ठेवली कशाला?"

तात्यांनी तिची बाजू घ्यायचं ठरवलं. घसा दुखत होता, लांबड लावायची शक्ती नव्हती. म्हणून जे सर्वांत वजनाचं वाटलं तेच त्यांनी पुढं टाकलं. "बापूसाहेब, तिची पोर गेली हो त्याच्यात. वल्ल्या सरपनावर रॉकेल वतलं तिनं, आन पोर जवळ हुती. रोज रोज किती उगाळायचं मानसानं? एखाद्या दिवशी न्हाय बोलली तर सोडून द्या."

बापूसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. "अरेरे," ते म्हणाले, "नका बोलू तिला काही." तात्या हलके होऊन घरी आले. जेवताना त्यांनी बायकोला, रंगूबाईला सांगितलं, की मालकाला माणुसकी आहे. रंगूबाईनं विचारलं, "पन तिला इचारून सांगितलंत का?" तात्यांचा घास तसाच राहिला. मग त्यांनी पाणी पिऊन तो खाली ढकलला.

पाठारे साहेब पुढच्याच महिन्यात मुंबईहून मोटारीनं आले. बाईची विक्री त्यांच्या कानावर गेली होती, आणि इंदापूरच्या बाजारात तिला स्वतः बघायचं होतं. आदल्या संध्याकाळी बापूसाहेबांनी त्यांना चहा दिला, आणि चहाबरोबर, अगदी कळवळून, बनाबाईच्या पोरीची गोष्टही सांगितली. तात्या तिथं नव्हते.

सकाळी पाल ठोकून होतंय तोवर मोटार आली. पाठारे साहेब पांढऱ्या पँटीत उतरले, मोठ्या अदबीनं बनाबाईला नमस्कार केला आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बाई, तुमचं काम फार छान आहे. आज एक करा. सगळं सांगा. तुमच्या मुलीचंसुद्धा. आयांच्या काळजाला भिडेल ते. कितीतरी पोरं वाचतील, बघा. फक्त ते रॉकेल ओतल्याचं नको. चूल भडकली एवढंच म्हणा. उगाच रॉकेलचं नाव कशाला, नाही का?"

बनाबाई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती तात्यांकडे बघत होती. तात्यांच्या हातात पालाची दोरी होती. ती त्यांनी खुंटीला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर घशातून नुसती खरखर आली.

"बरं," बनाबाई म्हणाली.

बाजार भरला. नेहमीसारख्या बायका जमल्या. साहेब आणि बापूसाहेब थोडे मागं उभे राहिले. बनाबाईनं वात पेटवली, ज्योत बसवली, आणि कुणी विचारायच्या आधीच बोलायला लागली. आवाज चढवला नाही, तरी मागच्या बायका ऐकायला पुढं सरकल्या.

"मी चुलीनं भाजले असं सांगत आले. चुलीचा दोष न्हवता. म्या वल्ल्या तुराट्यांवर रॉकेल वतलं, आत इंगळ हुता. माजी पोर जवळ हुती. ती गेली. हे म्या आजपतुर सांगितलं न्हवतं. हे साहेब म्हनाले सांगा, म्हनून सांगते. एकदाच सांगते." तिनं स्टोव्हवर हात ठेवला. "ही वस्तू चांगली हाय. पन ह्याच्यातबी रॉकेलच हाय. पेटता असताना तेल भरू नका. पोरास्नी जवळ घेऊ नका. घ्यायचा असला तर घ्या, न्हायतर घेऊ नका."

कडेवर लेकरू असलेल्या एका बाईनं त्याचं डोकं खांद्यावर दाबून धरलं. मग एकेक करून बायका उठल्या आणि जाताना, एखाद्या घरी भेटायला गेल्यावर करतात तसा, बनाबाईच्या हाताला हात लावून गेल्या. स्टोव्ह एकही गेला नाही.

पाठारे साहेब बापूसाहेबांना म्हणाले, "हे असं नको होतं." बापूसाहेब जमिनीकडे बघत होते.

बनाबाईनं स्टोव्ह विझवला, निवू दिला, तेल काढून ठेवलं, वाती पुसून डब्यात घातल्या. सगळं जागच्या जागी लावून तिनं ट्रंकेची किल्ली तात्यांच्या समोर ठेवली आणि पिशवी उचलली. तात्या मागोमाग स्टँडवर गेले. बावड्याची गाडी उभीच होती.

"बनाबाई."

ती थांबली.

"म्या तुमच्या भल्यासाठीच सांगितलं हुतं. तुमाला तरास नको म्हनून."

"ठाऊक हाय मला."

"चूक झाली."

"व्हय," ती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती एवढी दमलेली होती, की रागही तिला जड झाला असावा. "तात्या, तोंड तर समद्यांचं झालं माझं. तेवढी पोर माझ्यापाशी हुती." आणि ती गाडीत चढली.

पुढच्या आठवड्यात बापूसाहेबांनी पुन्हा माणूस बघायला सांगितलं. तात्या म्हणाले, "मानूस निवडाय आता दुसऱ्या कुनाला तरी बसवा." इतक्या वर्षांत त्यांनी मालकाला नाही म्हणायची ती पहिलीच वेळ. बापूसाहेबांनी जोर केला नाही. साडूचा मुलगा आला. तो सायकलवरून हिंडला, लोकांनी त्याचं ऐकून घेतलं, चार दिवसांनी एखादा स्टोव्ह जायचा. दुकानात मात्र अधूनमधून बायका यायच्या आणि "त्या बाईचा इस्टो" मागायच्या. ती आता येत नाही म्हटल्यावर काही घ्यायच्या, काही तशाच परत जायच्या.

बनाबाईचा राहिलेला पगार कुणाबरोबर तरी पाठवता आला असता. पण माघ महिन्यात एका सकाळी तात्या स्वतःच बावड्याच्या गाडीत बसले. भावाच्या घरी कळलं, की ती वस्तीवरच्या एका लग्नात आहे. उसाच्या कडेनं चालत तात्या तिथं पोचले. पुढं मांडवात सनई चालली होती. मागं, गोठ्यापलीकडं, तीन मोठ्या चुली पेटल्या होत्या आणि धुरात बनाबाई आमटी ढवळत उभी होती. चुलींच्या चौफेर तिनं काट्यांचं कुंपण घातलं होतं, पोरांनी आत येऊ नये म्हणून.

तिनं तात्यांना पाहिलं. पळी तशीच फिरत राहिली.

तात्यांनी पुडकं काढलं. तिनं ते घेऊन कमरेला खोवलं, उघडून बघितलं नाही. तात्या उभेच राहिले.

"घसा कसा हाय?" तिनं विचारलं.

"तसाच."

"धुरात नका हुभं ऱ्हाऊ. वाढेल अजून." तिनं आमटीत मीठ टाकलं, चाखलं, पुन्हा थोडं टाकलं. "गाडी दुपारशिवाय न्हाय आता. जेवून जा."

"पंगतीत?"

"हितंच. माज्याबरुबर." मग गोठ्याच्या सावलीकडं मान करून ती म्हणाली, "तितं बसा जावा. पन रिकामे बसू नका, मानसं कमी हायेत. तेवढा लसूण सोला."

तात्या सावलीत जाऊन पोत्यावर टेकले आणि लसणाची परात त्यांनी पुढ्यात ओढली.